लिस्बनच्या वास्तुशैली: बेलेमचं कोरीवकाम मोठं की बायशाच्या साध्या भिंती?

तेजोकाठची

लिस्बनला आलेला माणूस पहिल्या दिवशी नदीकाठच्या बेलेम भागात जातो आणि जेरोनिमोस मठाचं कोरीवकाम बघून थक्क होतो. ते साहजिकच आहे. दुसऱ्या दिवशी तो बायशात, म्हणजे नदीलगतच्या सखल भागातल्या जुन्या बाजारपेठेत फिरतो, रुआ ऑगस्टावर कॉफी पितो. पण आजूबाजूच्या एकसारख्या इमारतींकडे मान वर करून बघतही नाही. माझं म्हणणं असं, की या शहराने स्थापत्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट याच इमारतींत आहे, फक्त ती गिलाव्याच्या आत आहे. मी इथे जुन्या घरांच्या दुरुस्तीच्या कामात आहे. भिंती उघडलेल्या बघायला मिळतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी क्रम सांगते. 1147 मध्ये अफोन्सो हेन्रिकेस या पहिल्या पोर्तुगीज राजाने मुस्लिम राज्यकर्त्यांकडून लिस्बन जिंकलं आणि लगेच कॅथेड्रल बांधायला घेतलं. रोमनेस्क पद्धतीचं हे काम आहे: दोन भक्कम बुरुज, जाडजूड भिंती, वर किल्ल्याला असतात तशा चर्या. नुकतंच जिंकलेलं शहर पुन्हा हातचं जाईल ही धास्ती त्या दगडांत सरळ दिसते. पुढे भीती ओसरली तसं त्याच कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला गॉथिक काम चढलं. टोकदार कमानी आल्या, उजेड आला. गॉथिकचा मोठा नमुना म्हणजे टेकडीवरचं कार्मो. 1389 मध्ये सुरू झालेलं हे चर्च आज छप्पर नसलेलं उभं आहे.

मग आली मॅन्युएलाइन शैली. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच मॅन्युएल राजाने बेलेमला जेरोनिमोस मठाचं काम काढलं. पैसा कुठून आला? आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर सुमारे पाच टक्के कर बसवला होता, त्यातून. म्हणजे मलबारच्या मिऱ्यांतून. गाभा गॉथिकच आहे, पण त्यावर दोरखंडाचे पीळ, प्रवाळ, समुद्रवनस्पती, आकाशगोल यंत्रं आणि ख्रिस्त संघाचा क्रॉस यांची नुसती रेलचेल. दक्षिणेकडचं प्रवेशद्वार जुआंव द कास्तील्योचं, 32 मीटर उंच. हा लिओज नावाचा चुनखडीचा दगड लिस्बनच्या आसपासच निघतो. तो बारीक कोरता येतो आणि कोरलेली कड शतकानुशतकं टिकते. असा दगड दाराशी नसता तर ही शैली अशी फुललीच नसती, असं मला वाटतं.

बेलेमच्या बुरुजापाशी गेलात तर वायव्य कोपऱ्याच्या छोट्या मनोऱ्याखाली बघा. आधाराच्या दगडात गेंड्याचं डोकं कोरलंय. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कला गेंडा भेट दिला होता. तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे 1515 मध्ये लिस्बनला उतरला. बुरुजाचं काम तेव्हा चालूच होतं. नाकावरचं शिंग आता झिजून गेलंय, जबडा आणि मान ओळखू येतात. रोमन काळानंतर युरोपात जिवंत पोचलेला हा पहिलाच गेंडा. पाथरवटांना तो दगडात उतरवावासा वाटला यात नवल नाही.

यानंतरची दोनशे वर्षं भरभर सांगते, कारण त्यातलं बरंचसं आज उरलेलंच नाही. 1580 मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे गेलं आणि कडक, हिशेबी मांडणीची इटालियन वळणाची चर्चं आली. साओ विसेंते द फोरा त्यातलं ठळक. अठराव्या शतकात ब्राझीलचं सोनं आलं आणि पाचवा जुआंव राजा बरोकवर, म्हणजे भरघोस सजावटीच्या शैलीवर, खर्च करायला मोकळा झाला. साओ रोके चर्चमधलं एक प्रार्थनास्थळ त्याने रोममध्ये बांधून घेतलं, पोपकडून पवित्र करून घेतलं, मग सुटं करून जहाजाने लिस्बनला आणलं. याच राजाच्या काळात शहराला पाणी देणारा आग्वास लिव्रेस जलसेतूही उभा राहिला. आल्कांतारा दरीवरची त्याची सगळ्यात उंच कमान 65 मीटरची आहे.

1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा चर्चं भरलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. थोड्या वेळाने तेजो नदीच्या मुखातून त्सुनामी आली, आणि नंतर कित्येक दिवस आग धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला. त्याच वर्षी उघडलेलं ऑपेरागृह गेलं. बायशा जवळजवळ सपाट झाला.

राजा जुझेने धसकाच घेतला. दगडी छताखाली तो पुन्हा कधी राहिला नाही, आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यात त्याने उरलेलं आयुष्य काढलं. कारभार मंत्र्याच्या हाती आला. हाच पुढचा मार्केस द पोंबाल. त्याने पंच्याहत्तरी ओलांडलेल्या मुख्य अभियंत्याला, मान्युएल द माइयाला, पुढे काय करायचं ते विचारलं. माइयाने त्याच डिसेंबरात पर्याय लिहून दिले: होतं तसंच बांधायचं, रस्ते रुंद करायचे, इमारतींची उंची कमी करायची, बायशा पूर्ण पाडून नव्या आराखड्याने वसवायचा, किंवा जुनं शहर सोडून बेलेमकडे नवं वसवायचं. शहर अजून ढिगाऱ्यात असताना एवढ्या शांत डोक्याने लिहिलेला कागद मी दुसरा पाहिलेला नाही. निवडला गेला तो चौथा पर्याय.

आराखडा एउजेनियो दुश सांतुश याचा, पुढे हंगेरीत जन्मलेल्या कार्लुश मार्देलने तो नेटाने राबवला. सरळ काटकोनात रस्ते, ठरलेली उंची, ठरलेली खिडकी, ठरलेला दरवाजा. चर्चनासुद्धा रस्त्याच्या रांगेतच उभं राहावं लागलं. खिडक्यांच्या दगडी चौकटी, लोखंडी कठडे, लाकूडकाम ठरलेल्या मापाने आधीच तयार व्हायचं आणि जागेवर आणून बसवायचं. दोन इमारतींमधली भिंत छपराच्या वर चढवली, एकीकडची आग दुसरीकडे जाऊ नये म्हणून. आणि वरच्या मजल्यांच्या आत 'गायोला', म्हणजे लाकडी पिंजरा. त्याबद्दल प्रतिसादांत सविस्तर लिहीन, हे आधीच लांबलंय.

तुम्हाला काय वाटतं? मॅन्युएलाइनपुढे या इमारतींना शैली तरी म्हणावं का?

---

मांडवीपार

लेख आवडला. गेंडा माहीत नव्हता.

गोव्याचा माणूस म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, मॅन्युएलाइन बघायला लिस्बनपर्यंत जायची गरज नाही. जुन्या गोव्यातल्या पवित्र टेकडीवर रोझरी चर्च आहे, 1540च्या दशकातलं. 1510 मध्ये आल्बुकेर्कने याच टेकडीवरून लढाई पाहिली असं म्हणतात. बाहेरून बघितलं तर चर्चपेक्षा गढीच वाटते. गोल बुरुज, उंचावरच्या लहान खिडक्या, आणि भिंतीवरून जाड दोराच्या पिळाची नक्षी. बेलेमचा दोर इथे जांभ्याच्या दगडात आलाय. जांभा सच्छिद्र, त्यात बारीक काम होत नाही, म्हणून इथली नक्षी ठसठशीत आणि मोजकी आहे. तुमच्या लिओजच्या मुद्द्याला हा उलट बाजूचा पुरावा समजा. आत कातारीना आ पिरोची, म्हणजे पोर्तुगीज गव्हर्नर गार्सिया द सा याच्या पत्नीची, कबर आहे, तिच्यावरचं कोरीवकाम मात्र गुजराती घाटाचं आहे. बॉम जेझूच्या बेसिलिकासमोर रांग लावून लोक परत जातात, या टेकडीवर कोणी चढत नाही, याचं वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट. लिस्बनमध्ये नदीजवळ 'काझा दुश बिकुश' आहे, दर्शनी भागावर हिऱ्यासारखे टोकदार दगड बसवलेलं घर. ते 1523 च्या सुमाराला बांधलं ब्रास द आल्बुकेर्कने, गोवा जिंकणाऱ्याच्या मुलाने. इटलीत पाहिलेल्या प्रासादांवरून कल्पना घेतली होती. पैसा कुठला ते सांगायला नकोच. जेरोनिमोसपुढे मीही थक्क होऊन उभा राहिलो, पण 'मिऱ्यांवरचा कर' हे शब्द फार सौम्य आहेत. त्या मिऱ्यांच्या मागे तोफा होत्या, जाळलेली जहाजं होती, आणि आमच्याकडे पाडलेली देवळं होती. शैलीची चर्चा करताना हे सोबत असायलाच हवं.

---

तेजोकाठची

@मांडवीपार, पूर्ण मान्य. यालाच जोडून एक गोष्ट. जेरोनिमोस उभा राहिला तो साम्राज्याच्या करातून. बायशा उभा राहिला तो बराचसा लिस्बनच्या व्यापाऱ्यांनी आयात मालावर स्वतःहून देऊ केलेल्या चार टक्क्यांच्या वर्गणीतून. नदीकाठच्या चौकाला आधी राजवाड्याचं अंगण म्हणायचे, पुनर्बांधणीनंतर त्याचं नाव 'व्यापार चौक' झालं. अर्थात त्या व्यापारातही ब्राझीलचं सोनं, साखर आणि गुलामांचे कष्ट होतेच, हात कोणाचेच स्वच्छ नव्हते. पण आधीची वास्तू राजाचा आणि देवाचा गौरव करते, नंतरची दुकानदार आणि भाडेकरू यांच्या घराचा विचार करते. शैली बदलायला हे कारण मला कलात्मक आवडीनिवडीपेक्षा मोठं वाटतं.

---

जुना_वाडा

पुण्यातल्या आमच्या वाड्यालाही लाकडी सांगाडाच होता. सागवानी खांब, तुळया आणि मध्ये विटांची भर. मग या गायोलात नवीन काय? शंका खरीच आहे, वादासाठी विचारत नाही.

---

तुळई

@जुना_वाडा, मी संरचना अभियंता आहे, उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

फरक तिरक्या लाकडांचा. वाड्यात खांब उभे, तुळया आडव्या. वरून येणारं वजन ते झकास पेलतात. पण भूकंपाचा धक्का बाजूने येतो. बाजूने ढकललं की उभ्या-आडव्याचा चौकोन कलंडून तिरपा होतो, त्याला अडवणारं काहीच नसतं, भरलेल्या विटांचा आधार असेल तेवढाच. गायोलात प्रत्येक चौकोनात दोन कर्ण टाकून फुली केलेली असते. त्यामुळे चौकोनाचे त्रिकोण होतात आणि त्रिकोण लाकूड मोडल्याशिवाय आकार बदलत नाही. फुलीच्या मधल्या जागेत दगडविटांचे तुकडे आणि चुना भरतात, वर गिलावा. बाहेरून बघणाऱ्याला साधी भिंत दिसते.

दुसरं म्हणजे या भिंती एकमेकींना काटकोनात जोडलेल्या आणि मजल्यांच्या तुळयांनाही जखडलेल्या असतात. सगळं मिळून एक खोका होतो. बाहेरची भिंत जाड दगडी असते, तिच्या आतल्या अंगाला हा सांगाडा लाकडाच्या तुकड्यांनी अडकवलेला असतो. मोठ्या धक्क्यात बाहेरचा दगड निखळला तरी मजले खाली येऊ नयेत, माणसं वाचावीत, हा हिशेब. इमारत वाचवणं आणि माणूस वाचवणं हे दोन वेगळे हेतू आहेत हे आज आमच्या आधुनिक बांधकाम संहितांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यांनी ते अठराव्या शतकात बांधून दाखवलं.

अलीकडे पोर्तुगालमध्ये अशा भिंती प्रयोगशाळेत उभारून त्यांना मागेपुढे ढकलून पाहिलंय. भिंत बरीच वाकते, खिळे आणि सांधे घासत-ओढत ऊर्जा खातात, भरलेला चुना थोडाफार गळतो, पण भिंत उभी राहते.

सैनिकांना लाकडी नमुन्याभोवती कवायत करायला लावून त्याची परीक्षा घेतली असं सांगतात. @तेजोकाठची, पायाबद्दल लिहा ना, तो भाग मला कमी माहीत आहे.

---

तेजोकाठची

@तुळई, फार छान समजावलंत.

पायाचं असं आहे, की बायशा म्हणजे मुळात नदीची खाडी भरून तयार झालेली जमीन. थोडं खणलं की पाणी. म्हणून पाइनच्या लाकडाचे खुंट दाटीने जमिनीत ठोकले, त्यावर आडवी लाकडं आणि त्यावर दगडी पाया. लाकूड सतत पाण्याखाली राहिलं तर हवा लागत नाही आणि ते कुजत नाही. आज धोका वेगळाच आहे. आजूबाजूला तळघरं, भुयारी रेल्वे, वाहनतळ झाले की भूजलाची पातळी खालीवर होते. खुंटाचं डोकं एकदा कोरडं पडलं की सड सुरू होते.

तळमजला मात्र मुद्दाम दगडी कमानींचा ठेवलाय. तिथे दुकानं, कोठारं. ओल वर चढून लाकडाला लागू नये आणि खालची आग वर जाऊ नये म्हणून. गायोला पहिल्या मजल्यापासून वर.

आता मला जे सलतंय ते सांगते. मध्यंतरी एका जुन्या इमारतीच्या कामावर गेले. मालकाला वर प्रशस्त हॉल हवा होता. ठेकेदाराने मधल्या दोन भिंती उतरवून ठेवल्या होत्या, फुल्यांची लाकडं जिन्याशेजारी रचलेली. मी एक उचलून बघितलं. जिथे दोन कर्ण एकमेकांना छेदतात तिथे दोघांनाही अर्ध्या जाडीची खाच पाडून एकमेकांत बसवलेलं, वर घडीव चौकोनी खिळा. खाचेच्या आतली पटाशीची खूण अजून ताजी वाटत होती. वाळवी नाही, कीड नाही. विचारलं तर म्हणाले, "या आतल्या भिंती काही वजन घेत नाहीत." रोजचं वजन कमी घेतात हे खरंच आहे. त्या ज्या दिवसासाठी बांधल्यात त्या दिवशी घेतील. दर्शनी भाग मात्र नियमाप्रमाणे जसाच्या तसा ठेवला, रंगवला, आणि पाटीवर लिहिलं 'अठराव्या शतकातील इमारत'.

म्हणून मी म्हणते की या शैलीचं मर्म दर्शनी भागात नाहीच. दर्शनी भाग ठेवून आतलं काढलं तर पोंबालकालीन काहीच उरत नाही.

---

रसिका_आंबेगाव

मी पर्यटक म्हणून गेले होते आणि मला लिस्बन आठवतं ते निळ्या फरश्यांचं. भिंतीवरच्या त्या फरश्या, म्हणजे आझुलेजो, तुमच्या क्रमात कुठे बसतात? त्यांचा उल्लेखच नाही!

---

तेजोकाठची

@रसिका_आंबेगाव, हो, राहिलंच. त्या एका शैलीत बसत नाहीत, सगळ्या शैलींमधून वाहत येतात. पंधराव्या-सोळाव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हियाहून मुस्लिम कारागिरीच्या भौमितिक फरश्या यायच्या. मग इथेच बनू लागल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीला डच आणि चिनी भांड्यांच्या प्रभावाने निळा-पांढरा रंग आला आणि बरोक चर्चच्या भिंतीच्या भिंती चित्रकथांनी भरल्या. तोवर त्या मुख्यतः आत असायच्या, किंवा बागांमध्ये.

भूकंपानंतर एकदम हजारो घरं उभी करायची होती. जिने आणि दालनांच्या खालच्या भिंतींना स्वस्त, पुसायला सोपं काहीतरी हवं होतं. मग चित्रकथा मागे पडल्या आणि साधी, पुन्हापुन्हा येणारी नक्षी आली. 1767 मध्ये रातो भागात राजाश्रयाने कारखाना निघाला. घराबाहेर दर्शनी भागावर फरश्या लावायची पद्धत खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकातली. ब्राझीलमध्ये पैसा करून परतलेल्या लोकांनी ती रुजवली असं मानतात. तुम्हाला रस्त्यावर दिसल्या त्या बहुतेक या काळातल्या. इंतेंदेंते चौकात व्हियुव्हा लामेगो कारखान्याची 1865 ची इमारत आहे, ती जरूर बघायला हवी.

फरश्यांचं संग्रहालय माद्रे द देउश मठात आहे. तिथे सुमारे 23 मीटर लांबीचं, 1700 च्या आसपासचं लिस्बनचं फरश्यांतलं चित्र आहे. भूकंपात गेलेला राजवाडा, नदीकाठ, गल्ल्या, सगळं त्यात आहे. हरवलेलं शहर बघायला त्याहून चांगली जागा नाही.

आणि एक कळकळीची विनंती: चोरबाजारात सुट्या जुन्या फरश्या विकायला असतात, त्या घेऊ नका. त्यातल्या कित्येक घरांच्या भिंतींवरून उपटून आणलेल्या असतात. 2017 पासून कायद्याने दर्शनी भागावरच्या फरश्या काढायला मनाई आहे, तरी मागणी आहे तोवर हे पूर्ण थांबणार नाही.

---

पावसाळी_ढग

वास्तुशास्त्राचं शिक्षण घेतोय. तुम्ही 1755 नंतर एकदम थांबलात! एकोणिसावं-विसावं शतक?

---

तेजोकाठची

@पावसाळी_ढग, थोडक्यात लिहिते, कारण हा काळ बऱ्याच युरोपीय शहरांसारखाच आहे. आजुदाला निओक्लासिकल, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन वळणाचा, राजवाडा सुरू झाला आणि अर्धवट राहिला. 1880च्या दशकात आव्हेनिदा दा लिबर्दादे हा रुंद रस्ता झाला, शहर उत्तरेला सरकलं. त्याच सुमाराला रोसियो स्टेशन बांधलं, जुझे लुइश मोंतेइरोने, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या मोठ्या दरवाज्यांचं. ही मॅन्युएलाइनची पुनरावृत्ती. देश गरीब आणि दुबळा झाला होता तेव्हा वैभवाच्या काळाची नक्षी रेल्वे स्टेशनवर आली. 1902 चा सांता जुस्ता लोखंडी लिफ्टचा मनोरा, त्यावरही निओगॉथिक जाळी.

कार्मोच्या बाबतीत तर गंमत अशी की ज्या उघड्या कमानी बघून आपण हळहळतो, त्यातल्या बऱ्याच भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीतल्या आहेत. 1834 मध्ये मठसंस्थाच बरखास्त झाल्या आणि काम तिथेच थांबलं.

हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत सुरुवातीला आधुनिक इमारती झाल्या, पण 1940च्या आसपास राष्ट्रीय थाटाचा आग्रह वाढला: काँक्रीटचा सांगाडा, वर कौलारू छप्पर, दगडी महिरपी, टोकदार मनोरे. आरेएइरो चौक त्याचा नमुना. 1948 च्या वास्तुकारांच्या राष्ट्रीय अधिवेशनात तरुणांनी याविरुद्ध उघड भूमिका घेतली. हुकूमशाहीत हे सोपं नव्हतं, म्हणून मला त्या पिढीबद्दल फार आदर आहे. 1969 चं गुलबेंकियन संग्रहालय त्या मोकळ्या श्वासाचं फळ. बागेत पसरलेलं, बसकं, शांत काँक्रीट.

---

मांडवीपार

एकविसाव्या शतकातलं मी सांगतो, कारण ते आपलं आहे. बेलेमच्या बुरुजापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, तेजो समुद्राला मिळते तिथे शांपालिमो संशोधन केंद्र आहे. कर्करोग आणि मेंदूविज्ञान यांचं. वास्तुकार चार्ल्स कोरिया. मूळ गोव्याचे, मुंबईत घडलेले, पणजीची कला अकादमी ज्यांची तेच. ऑक्टोबर 2010 मध्ये उद्घाटन झालं.

दोन वक्राकार इमारती आणि त्यांच्या मधून तिरपी जाणारी चढाची वाट. चढताना समोर फक्त आकाश दिसतं, टोकाला दोन उंच दगडी स्तंभ, आणि वर पोचल्यावर पाणी. भिंतींना लिओज दगड, जेरोनिमोसचाच. साडेचारशे-पाचशे वर्षं तिकडून इकडे येऊन बांधणाऱ्यांच्या शहरात, जिथून जहाजं सुटली त्याच किनाऱ्यावर, गोव्याच्या माणसाने बांधलं आणि तेही रुग्णालय. मला तिथे फार भरून आलं. आल्बुकेर्कच्या मुलाच्या घरापेक्षा मी ही इमारत दहादा बघेन.

---

पावसाळी_ढग

@मांडवीपार, कोरियांचं हे काम अभ्यासक्रमात फक्त छायाचित्रात पाहिलंय. पातळी बदलून समोरचं दृश्य लपवायचं आणि मग खुलं करायचं, हे त्यांच्या भोपाळच्या भारत भवनातही आहे.

आणि पोर्तुगीज वास्तुकार आल्व्हारो सिझा? एक्स्पो 98 या जागतिक प्रदर्शनासाठीचं त्याचं पोर्तुगाल दालन, दोन इमारतींच्या मधे कापडासारखं झुलणारं काँक्रीटचं छत. लांबी साधारण 65 मीटर आणि जाडी जेमतेम 20 सेंटिमीटर! टोकाला काँक्रीट संपतं आणि आतल्या पोलादी दोऱ्या उघड्या दिसतात. आमच्या सरांनी त्यावर पूर्ण तास घेतला होता.

---

तुळई

सिझाचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते बायशाला लागून असलेल्या शियाडो भागाचं काम. ऑगस्ट 1988 मध्ये तिथे मोठी आग लागली, जुनी दुकानं जळाली. सिझाने काही नवं चमकदार उभारलं नाही, पोंबालकालीन दर्शनी भाग राखले, आतली अंगणं आणि जिने जोडून टेकडीवर जायच्या वाटा खुल्या केल्या. पण @तेजोकाठची, तुमच्या निकषाने हेही फक्त बाहेरचं राखणं झालं ना? आत काँक्रीटच आहे.

---

तेजोकाठची

@तुळई, प्रश्न रास्त आहे. शियाडोत आतलं जळूनच गेलं होतं, वाचवायला गायोला उरलीच नव्हती. तिथे सिझाने शहराचा आराखडा वाचवला, रस्त्यांचं प्रमाण वाचवलं, आणि काँक्रीट भूकंपाचा विचार करून घातलं. माझी तक्रार धडधाकट गायोला कापून काढण्याबद्दल आहे.

कायद्याचाही हातभार लागला. 2014 मध्ये जुन्या घरांच्या दुरुस्तीला चालना द्यायची म्हणून बरेच तांत्रिक नियम सैल केले, त्यात भूकंपासाठी मजबुतीकरणाची सक्तीही सुटली. पर्यटन वाढत होतं, घरांची हॉटेलं होत होती, नेमक्या त्याच वर्षांत. 2019 मध्ये नियम पुन्हा बदलले आणि ठरावीक कामांत भूकंपक्षमतेची तपासणी आवश्यक झाली. मधल्या पाच वर्षांत जे कापलं गेलं ते गेलं. ऑगस्ट 2024 मध्ये लिस्बनच्या दक्षिणेला सिनेशच्या किनाऱ्याजवळ 5.3 चा धक्का बसला, पहाटे आम्ही सगळे जागे झालो. नुकसान झालं नाही. पण त्या आठवड्यात कित्येक घरमालकांनी प्रथमच विचारलं की आमच्या भिंतीत अजून लाकूड आहे का.

बायशा 2004 पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. जेरोनिमोस आणि बुरुज 1983 मध्येच मुख्य यादीत गेले. या क्रमाबद्दलच माझं भांडण आहे.

---

जुना_वाडा

उत्तरांबद्दल तुम्हा दोघांचे आभार, त्रिकोणाचं आता नीट कळलं. पुढच्या वर्षी जायचं ठरतंय. गिलाव्याच्या आतलं हे बाहेरच्या माणसाला बघायला मिळतं का कुठे? नाहीतर मीही रुआ ऑगस्टावर कॉफी पिऊन परत येईन.

---

तेजोकाठची

@जुना_वाडा, मिळतं. रुआ ऑगस्टाला समांतर रुआ दुश कोरेएइरुश आहे. तिथे एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन करून संग्रहालय केलंय. खाली रोमन काळातल्या मासळी खारवायच्या टाक्या आहेत, आणि त्याच जागी पोंबालकाळात ठोकलेले पाइनचे खुंट उघडे ठेवलेत. मार्गदर्शकासोबत जावं लागतं, म्हणून वेळ आधी ठरवा.

गायोलासाठी बायशातल्या हॉटेलांत, खानावळींत डोळे उघडे ठेवा. काही मालकांनी एखाद्या भिंतीचा गिलावा मुद्दाम काढून फुल्या दिसू दिल्यात. आत शिरून विचारलं तर बहुतेक जण आनंदाने दाखवतात. लक्षात ठेवा, तळमजल्यावर कमानी असतात, लाकूड वर शोधायचं. रस्त्यावरून बघताना छपराच्या रेषेकडे बघा, दोन घरांमधली आगभिंत कौलांच्या वर डोकावते. आणि रुआ ऑगस्टाच्या टोकाच्या कमानीवर चढता येतं, ती 1870च्या दशकात पुरी झाली. वरून पोंबालचे सगळे रस्ते एका नजरेत येतात. सकाळी लवकर जा, दहानंतर रांग लागते.

तारखा ठरल्या की व्यक्तिगत निरोप पाठवा. तेव्हा एखादं काम चालू असेल आणि मालकाची हरकत नसेल, तर उघडी भिंतच दाखवेन.